नवरदेवाच्या हातचं लोखंड

"त्याच्या हाती तलवार देऊन राह्यले, पन मोठ्या आबाचं काय झालतं थे इसरले काय सारे?"

मांडवामागे, भांडी घासायच्या जागेजवळ, आत्या मावशीला म्हणत होती. मी हळदीचं ताट घेऊन तिथूनच चालले होते. दोघींनी मला पाहिलं, आणि आत्या लगेच हसली.

"हिचं काई भेव नाई. इंग्लिश मिडीयमची मुकी मैना हाय थे. कोनाले सांगते?"

मीही हसले. अशा वेळी हसून पुढे जायचं, हे मला चांगलं जमतं.

आमच्याकडे, रिसोडच्या या बाजूला, हळद लागली की नवरदेवाच्या हातात लोखंड देतात. बहुतेकांकडे कट्यार असते, टोकाला लिंबू खोचलेली. नवरीला घेऊन घरात येईपर्यंत ती हातातून सुटू द्यायची नाही. ओल्या हळदीच्या अंगाला बाधा होते म्हणतात. आमच्या घरात कट्यार नाही, तलवार आहे. दसऱ्याला पूजेपुरती माळ्यावरून खाली येते. बाबा तिची मूठ कधी धरत नाहीत. फडक्यात गुंडाळून आणतात, तशीच परत नेतात. स्वतःच्या लग्नात त्यांनी हातात अडकित्ता धरला होता.

का, ते मी लहानपणी एकदा विचारलं होतं. मोठे आबा म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. लग्नात धरलेली तलवार त्यांनी नंतर खाली ठेवलीच नाही. उशाशी घेऊन निजायचे, शेतात न्यायचे, जेवताना ताटाशेजारी ठेवायचे. एका दुपारी पिकात बैल शिरला म्हणून त्यांनी त्याच्या मानेवर वार केला. बैल त्यांचाच होता, वासरापासून वाढवलेला. त्यांची बायको त्याच संध्याकाळी माहेरी निघून गेली ती परत आली नाही.

दादाचं तसं काही होणार नाही, असं मी मनाशी म्हणत राहिले. माझा भाऊ मिरची-वांग्याची रोपं विकतो. घरात पाल निघाली तर सुपात घेऊन कुंपणापर्यंत सोडून येतो. तलवारीचा हट्ट मात्र त्याचाच होता. "कट्यार तं सारेच धरतात. फोटोत तलवार भारी दिसते." बाबांनी फडकं सोडलं आणि ते बाजूला झाले.

पहिल्यांदा तो नुसता मिरवत होता. मित्र "राजे, राजे" करत होते. मग त्याने टोक माझ्याकडे केलं आणि म्हणाला, "पानी आन." तो मला असं कधी बोलत नाही. मी पाणी आणलं. पेला घेताना त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी कारंजा तालुक्यात नवरीच्या गावी मिरवणूक निघाली. ढोलवाल्याने चाल बदलली, ती दादाला आवडली नाही. त्याने तलवारीचं टोक ढोलाच्या चामड्यावर ठेवलं आणि सावकाश खाली ओढलं. फर्रकन आवाज झाला. लोक हसले, कुणीतरी व्हिडिओ काढला. ढोलवाला फाटलेलं चामडं हाताने दाबून उभा होता, आणि दादा त्याच्याकडे जसा बघत होता तशी नजर मी त्याची आधी पाहिली नव्हती. त्याला मजा येत होती.

लोखंडात असं काही नसतं, हे मला माहीत आहे. माहीत असूनही मी दादापासून चार पावलं मागे चालू लागले.

लग्न लागलं. परतताना जीपमध्ये मी पुढे बसले, ते दोघं मागे. तलवार त्याच्या मांडीवर आडवी होती आणि धार वहिनीच्या बाजूला. आरशात मला तिचे हिरव्या चुड्याचे हात दिसत होते. ते तिने पदराखाली ओढून घेतले होते.

"जरा तिकडे धरता का?" ती हळूच म्हणाली.

"काहून? भेव लागते?" तो हसला, आणि धार आणखी जवळ नेली. गंमत म्हणून. ती खिडकीला चिकटली. मला ओरडायचं होतं. पण रस्ताभर मी मोठ्या आबांच्या त्या बायकोचा विचार करत राहिले. तिला निदान परत जाता आलं. ही आजच येत होती.

घरी पोचलो तेव्हा उजेड होता. करवलीने दार अडवायचं असतं. भावाकडे त्याची होणारी लेक मागायची, तो हो म्हणतो, मगच आत सोडायचं. मी चौकटीत दोन्ही हात लावून उभी राहिले.

"माग नं वं, लेक माग!" आत्या ओरडली. "तोंड हाय का नाई तुले?"

मी तलवारीकडे बोट केलं आणि हात पुढे केला.

सगळे हसले. दादा हसला नाही. "तुले कायले पायजे?"

मी दारातून हलले नाही. दारात बहीण मागेल ते द्यावंच लागतं, आणि सगळं गाव बघत होतं. त्याचा जबडा आवळला. मग त्याने मूठ माझ्या हातात अक्षरशः कोंबली.

जड असेल असं वाटलं होतं. नव्हती. मूठ त्याच्या हाताने गरम झालेली, आणि माझ्या बोटांत अशी बसली की जणू मापाने केली होती. दादा आपल्या रिकाम्या तळहाताकडे बघत होता, झोपेतून उठल्यासारखा.

मी वळले. पुढच्या बायका मागे सरकल्या. माझ्यासाठी आजवर कुणी असं सरकलं नव्हतं. मी टोक जरासं उचललं, आत्याच्या दिशेने, नुसतं बघायला. तिचं हसू थांबलं. ती आणखी मागे गेली. मला छान वाटलं. फार छान वाटलं. आणखी थोडं उचलावं, असं वाटलं.

तेवढ्यात वहिनी दिसली. तिने चुडा पुन्हा पदराखाली ओढून घेतला होता. आणि आता ती माझ्याकडे बघत होती.

मी बोटं सोडायला गेले. ती सुटेनात. गर्दीच्या मागे बाबा उभे होते. मी शाळेची मराठी विसरले, लाज विसरले, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "बाबा, फडकं आना! माह्या हातातून काढा हे, लवकर काढा!"