आक्काचे हुलगे माहेरी जाऊन आले

जतला जायचं तर थंडीत जावं. ऊन सोसवतं आणि भाकरीबरोबर हुरड्याच्या गप्पाही निघतात. मी मात्र फिरायला नव्हतो गेलो. मला हुलगे आणायचे होते.

पाचगणीच्या खालच्या अंगाला एका गावात माझी थोरली बहीण, आक्का, राहते. तिच्या लग्नात आईनं ओटीत आमच्या जतच्या रानातले हुलगे घातले होते. आक्कानं ते डोंगरात पेरले आणि दरसाल बी राखलं. इकडं आमच्या रानात डाळिंबं आली आणि हुलगा मागं पडला. बीसुद्धा संपलं. गेल्या वर्षीच्या दिवाळीत आक्का म्हणाली, "सदा, आईच्या रानातल्या हुलग्याचं कढण एकदा प्यायचंय बघ. बी माझं ने, पण तिथं पिकवून आण." मी जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, लगेच खादीची पिशवी शिवली आणि तिचं बी जतला धाकट्या भावाकडं, मायाप्पाकडं, पोचतं केलं. त्यानं ते पावसाळ्यात पेरलं.

मी वडूजला राहतो. मार्गशीर्षात तिथून सकाळची एसटी धरली. थेट गाडीची वाट बघत बसू नका. मायणी, विटा, कवठेमहांकाळ असं बदलत गेलं की जत लवकर येतं. ज्येष्ठांना तिकिटात सवलत आहे, तेवढं ओळखपत्र खिशात असू द्या. विट्याच्या स्टँडवर गरम भजी खाल्ली. कवठेमहांकाळ मागं पडलं तशी झाडं बुटकी होत गेली. जतच्या स्टँडवर निम्मी माणसं कानडीत बोलत होती आणि मला लहानपणचा बाजार आठवला, आईचा पदर धरून फिरलेला.

मायाप्पा मोटारसायकल घेऊन आला होता. सगळ्या वाटेत त्यानं हुलग्याचं नाव काढलं नाही. रानात पोचलो तर पेरलेल्या तुकड्यात मेंढरं चरत होती.

"हे काय रं?"

"आवं दादा, नुसता पाला. गुडघ्याएवढा वाढला, पण फूल धरंना. पाऊस गेला, भुई तडकली, तवा कुठं कळ्या आल्या. त्या जळून गेल्या. म्हटलं, मेंढरं तरी खाऊ द्यात."

"आक्काला काय सांगू मी?"

"सांगा, तुझा हुलगा सासरचा झाला म्हणून."

त्याची बायको मागून म्हणाली, "यांचं काय ऐकताय. पाच-सात येलांना लवकर शेंगा लागल्या हुत्या. मेंढरं सोडायच्या आदी मी तोडून ठिवल्या." तिनं पदराची गाठ सोडली. मूठभर हुलगे निघाले. कढणाला ते पुरणार नव्हते. एक वाफा पेरायला पुरले असते.

दुसऱ्या दिवशी आक्काकडं निघालो, सातारा, वाई करत पसरणीचा घाट चढलो. घाटात खिडकीची जागा धरा. वर स्ट्रॉबेरीच्या पाट्याच पाट्या दिसतात. परदेशातून आलेलं हे फळ, आता कुणी त्याला परकं म्हणत नाही. मांडीवरची पिशवी चाचपत मी आईला आठवत होतो. रानात सगळ्यात आधी वाळलेल्या शेंगा ती बियाला काढायची आणि चुलीवर टांगायची. त्यांना हात लावला की पाठीत धपाटा.

आक्काला सगळं सांगितलं. ती मूठ बघत बसली. मी विचारलं, "तू बी कसं धरतीस?"

"पहिल्या शेंगा हितल्या पावसात कुजत्यात रं. दसऱ्यानंतरच्या वाळत्यात, त्याच ठिवायच्या. दुसरं काय करणार?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आई घाई करणाऱ्या वेलांचं बी धरायची आणि आक्का थांबणाऱ्यांचं. दर साली थोडं थोडं करत सगळा हुलगाच थांबायला शिकला. घाईचे वेल त्यात होते, पण अगदी थोडे राहिले होते. आक्काला तसं सांगितलं.

"म्हंजी मीच त्याला वळण लावलं?"

"तू आन तुझ्या पावसानं."

"आन आता?"

"आता तूच ठरव. कढणात घाल, न्हाईतर पेराय दे."

आक्का उठली. डब्यातले स्वतःचे डोंगरातले हुलगे तिनं शिजत घातले. मग माझ्या पिशवीतला एकच दाणा उचलून भांड्यात टाकला. "आता शोध बघू, माहेरचा कुठला." वर लसणाची फोडणी बसली. आम्ही वाट्या तोंडाला लावल्या.

"लागली का माहेरची चव?"

"एका दाण्याची लागंल तेवढी लागली." बाकीची मूठ तिनं परत बांधून दिली. "मायाप्पाला सांग, पहिल्या वाळलेल्या शेंगाच बियाला ठिव. आई ठिवायची तशा."

आता वडूजला घरी आहे. पिशवी शिलाई मशीनच्या वर खिळ्याला टांगली आहे आणि येणारं गिऱ्हाईक विचारतं, यात काय. मायाप्पानं फोनवर मेंढरं बांधून ठेवायचं कबूल केलंय. पण बियाला जुनी सवय परत लागायला किती सालं जातील कोण जाणे, आणि आक्का आता थकली आहे. परवा तिला फोनवर तसं म्हटलं.

ती म्हणाली, "मला कुठं घाई हाय? माझं बी उशिराचंच."