वळणावरचं कुसुम

इतवारी मेश्रामला मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. पुढेही बहुतेक वेळा पाठमोरंच पाहिलं, कारण तो नेहमी पुढे आणि मी मागे.

चौऱ्याऐंशी सालची दिवाळी नुकतीच झाली होती. वडस्याहून जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही धाव मंडळाचे तिघेजण सकाळी धापा टाकत चाललो होतो. मी सरकारी कचेरीतला कारकून, मंडळाचा संस्थापक, सचिव, आणि कोणी ऐकलं तर मार्गदर्शकसुद्धा. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, मनगटावर घड्याळ. मागून आवाज आला, "सरका गा भाऊ, बाजार भरून जाईन!" आणि एक काटकुळा माणूस खांद्यावर कावड घेऊन, अनवाणी, आमच्यामधून निघून गेला. कावडीच्या दोन्ही टोपल्यांत मासोळ्या, खाली पाण्याची धार. आम्ही त्या धारेकडे बघत उभे राहिलो. मला खरं सांगायचं तर रागच आला. एवढे महागाचे बूट घालून आम्ही धावायचं आणि हा ओझं घेऊन पुढे जाणार म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी मीच त्याला बाजारात गाठलं. मासोळ्या तोलता तोलता तो म्हणाला, "धावाले मंडळ लागते का गा, भाऊ?" आजूबाजूचे हसले. मीही हसलो, पण बोचलं. तरी तो आला. सात किलोमीटरवर मोठा तलाव आहे, त्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी, ढिवरांची टोली, मासेमारांची वस्ती, तिथं त्याचं घर. शर्यत असली की तो पहाटे घरून वडस्याला पायी यायचा, आमच्याबरोबर तलावापर्यंत धावायचा, परत वडस्याला धावत यायचा, आणि मग घरी पायी जायचा. थकला का विचारलं तर म्हणायचा, "आज कावड नोती ना."

आमची मोसमी स्पर्धा अशी होती. दिवाळीपासून होळीपर्यंत सहा शर्यती. पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला सात, तिसऱ्याला पाच. सहा शर्यतींचे गुण जोडून ज्याचे जास्त, तो त्या मोसमाचा विजेता. त्याचं नाव रंगवून पाटीवर. जे हळू धावतात त्यांना आधी सोडायचं, त्याला आम्ही सूट म्हणायचो. कोणाला किती सूट द्यायची हे मी ठरवायचो. मला स्वतःला किती, हेही मीच. मी सहा मिनिटं घ्यायचो. वयाच्या मानानं, असं म्हणायचो.

वळणावर उभं राहायला कोणी तयार नसायचं. म्हणून शहाऐंशीच्या मोसमात मीच एक नियम काढला. तलावाच्या पाळीवर एक मोठं कुसुमाचं झाड आहे. आधी आम्ही खाली टोलीपासूनच वळायचो; आता झाडापर्यंत जायचं, पान तोडायचं, आणि परत येऊन पंचांच्या हातात द्यायचं. पान नाही तर शर्यत बाद. सभेत मी छाती काढून म्हणालो होतो, "अर्ध्या वाटेतून परतणाऱ्याले आता जागाच नाई!" टाळ्या पडल्या होत्या. आज त्या टाळ्या आठवल्या तरी कानशिलं तापतात.

पंच होते देवाजी गुरुजी. प्राथमिक शाळेतून निवृत्त, स्वभावानं सरळ, नियमाला पक्के. नियम माझा, आणि पाळणारे ते.

शहाऐंशीच्या मोसमात पाच शर्यती झाल्या तेव्हा इतवारीचे चाळीस गुण होते आणि माझे अडतीस. चार शर्यती त्यानं जिंकल्या. एकीला तो आलाच नाही, त्या दिवशी तलावात सगळ्या टोलीचं जाळं पडणार होतं. ती मी जिंकली. बाकी सगळ्या मी दुसरा. आता शेवटची शर्यत जो जिंकेल त्याचा मोसम.

माझ्या दृष्टीनं ती पाटीची गोष्ट होती. मंडळ काढून तीन वर्षं झाली, आणि पाटीवर एकदाही सचिवाचं नाव नाही. कचेरीतले लोक विचारायचे, "काय श्रीहरीभाऊ, यंदा तरी?" इतवारीच्या दृष्टीनं मात्र गोष्ट वेगळी होती. तलावाचा ठेका त्या वर्षी दुसऱ्या गावच्या संस्थेकडे गेला होता. येत्या पावसाळ्यापासून टोलीला तिथं जाळं टाकता येणार नव्हतं. आणि आमच्याकडे लाकडाच्या डेपोचे केवळराम शेठ होते, त्यांनी सभेत सांगून टाकलं होतं, "औंदा जो जितन त्याले माझ्या डेपोत चौकीदार ठेवतो. नोकरीवाला जितला तर माझ्या मनानं पाहीन." इतवारीनं दोनदा मला विचारलं, "शेठ बोलले ते खरं होय ना, भाऊ?" मी दोनदा हो म्हणालो. म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

होळीच्या आधीचा रविवार. आदल्या रात्री नाटक होतं, त्यामुळे अर्धं मंडळ मांडवातच झोपलेलं. धावायला आम्ही दोघेच. गुरुजींनी मला सोडलं, सहा मिनिटांनी इतवारीला.

फाल्गुनातलं ऊन सकाळीच चढलं होतं. चार किलोमीटरवर एक नाला लागतो. तिथं पोचेपर्यंत माझी छाती भात्यासारखी चालली होती, आणि मागं वळून पाहिलं तर रस्त्याच्या टोकाला तो दिसला. तीन किलोमीटर जायचे, सात यायचे. हिशेब सरळ होता. तो मला वळणाच्या आधीच गाठणार होता.

नाल्याच्या ओलीत कुसुमाचं एक लहान झाड होतं. मागच्या शर्यतीत मी ते पाहून ठेवलं होतं. का पाहून ठेवलं होतं, हे मला कोणी विचारू नये. मी खाली उतरलो, झुडपामागं बसलो. इतवारी वरून गेला. त्याच्या पावलांचा आवाजसुद्धा नीट आला नाही. मी घड्याळ लावून अठरा मिनिटं तिथं बसलो. लाल मुंगळे पोटऱ्यांना चावत होते आणि मी, मंडळाचा संस्थापक, श्वास दाबून मिनिटं मोजत होतो. मग एक हिरवं पान तोडलं आणि परत निघालो.

शर्यत संपायची त्या रेल्वे फाटकाजवळ आठ-दहा जण जमले होते, झोपेनं डोळे सुजलेले. टाळ्या वाजल्या. गुरुजींनी पान घेतलं. चारेक मिनिटांनी इतवारी आला. त्यानं पान दिलं, वाकून दम घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"भाऊ," तो म्हणाला, "तुम्ही मले वापस येताना भेटले नाई गा."

ओरडून नाही, भांडून नाही. त्याला खरंच नवल वाटलं होतं. पण सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात मला गुरुजींच्या हातातली दोन पानं दिसली. माझं हिरवंगार. त्याचं लाल, तांब्याच्या भांड्यासारखं, कोवळं, चमकणारं.

आणि देवाशपथ सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, हाही माझ्यासारखाच! यानंही मधूनच कुठलं तरी पान आणलं! मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. असा घाणेरडा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

"भेटन कसा?" मी मोठ्यानं म्हणालो. "तू गेलाच कुठी होता तलावावर? हे पान पाहा, गुरुजी! पाच शर्यती झाल्या, एकदा तरी लाल पान आलं का? हे कुसुमाचं होय का?"

गुरुजींनी दोन्ही पानं शेजारी धरली. चष्मा वर केला, खाली केला. फाटकाजवळ चहाची टपरी चालवणारी मंगलीबाई तिथूनच म्हणाली, "फागुनात कुसुम लालच ऱ्हायते गा, बाप्पा."

"बाई, तुम्ही चहा पाहा!" मी तिच्यावर खेकसलो. लोक हसले.

इतवारी म्हणाला, "पाळीवरचंच होय, गुरुजी. मायची आन."

गुरुजींनी दोन्ही पानं उलटून बघितली. मग म्हणाले, "पान जुळून नाई राह्यलं, इतवारी. नियम तं नियम." इतवारीनं एकदा पानाकडे बघितलं, एकदा माझ्या बुटांकडे. बुटांना नाल्याचा ओला चिखल होता. त्यानं तो पाहिला की नाही, मला आजही माहीत नाही. तो वळला, खांद्यावरचा गमछा घेतला आणि घराच्या रस्त्याला लागला.

पाटीवर माझं नाव लागलं. कचेरीत पेढे वाटले. घरी बायकोनं ओवाळलं, आणि ओवाळताना ती म्हणाली, "तुमच्या पोटऱ्या काऊन सुजल्या?" मी म्हणालो, धावून.

पण मंगलीबाईचं ते वाक्य काही जाईना. जेवताना, फायली बघताना, तेच. धुळवडीला सुट्टी होती. घरात रंग चालला होता, मी सायकल काढली.

तलावाची पाळ चढलो आणि सायकल हातातून पडली. अख्खं कुसुम लाल. खालपासून शेंड्यापर्यंत नवी पालवी, एक हिरवं पान शोधून सापडेना. नाल्यातलं लहान झाड ओलीमुळं अजून पालवलं नव्हतं, एवढंच. मी त्या झाडाभोवती खुळ्यासारखा फिरलो. मोसमभर मी इथं येऊन हिरवी पानं तोडली होती. फाल्गुनात झाड कसं होतं ते मला ठाऊक नव्हतं, कारण फाल्गुनात मी इथवर आलोच नव्हतो! त्या दिवशीचं एकच पान खरं होतं आणि ते मी खोटं ठरवलं होतं. मला माझीच शिसारी आली. तोंडावर थुंकता आलं असतं तर थुंकलो असतो.

एक बाई तलावातून पाण्याची घागर घेऊन वर आली. मला बघून थांबली. "पाणी पेता का, भाऊ? तोंड उतरलं तुमचं." मी ओंजळ धरली. ती पाणी ओतता ओतता म्हणाली, "वडस्याचे दिसता. तिथी धावाचं मंडळ हाये म्हणते ना?"

मी मान हलवली. ती इतवारीची बायको सीता होती. मला ओळखत नव्हती.

"आमचे घरवाले धावाचे तिथी," ती म्हणाली. "आता चंद्रपूरले गेले, कोळशाच्या कामाले. चौकीदारी भेटनार होती, तं नाई भेटली. म्हणे पान खोटं आणलं." तिनं झाडाकडे बघितलं. "त्या दिवशी घरी आले, मले हात धरून इथी आणलं अन् विचारलं, 'सीते, हे कुसुमच होय ना व?' मी म्हटलं, येडे झाले का? लहानपणापासून ह्याच्याच खाली खेळले ना तुम्ही! तं म्हणे, 'चार शिकलेले लोक नाई म्हणून राह्यले, तं मलेच समजून नाई राह्यलं.'"

मी श्रीहरी, एवढे दोन शब्द बोलायचे होते. बोललो नाही. सायकल उचलली आणि आलो. तिच्या हातचं पाणी पिऊन, नाव न सांगता आलो.

पुढच्या रविवारी मात्र सभेत उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. नाला, झुडूप, अठरा मिनिटं, सगळं. देवाजी गुरुजी उठले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या हातून पाप करवलं, श्रीहरी," आणि निघून गेले. ते परत पंच म्हणून आले नाहीत. पाटीवरचं माझं नाव पुसून इतवारीचं लिहिलं. मी केवळराम शेठकडे गेलो, हात जोडले. शेठ म्हणाले, "आता का, भाऊ? माणूस ठेवला ना मी." मी मंगलीबाईकडेही गेलो. ती म्हणाली, "चहा पाहा म्हटलं होतं ना मले? घ्या, चहा प्या." आणि पैसे घेतले नाहीत. तो चहा मला फार कडू लागला.

इतवारी दिवाळीला परत आला. कोळशानं खोकला धरला होता. मी टोलीत जाऊन त्याचे पाय धरायला गेलो तर तो मागं सरकला. "झालं गा, भाऊ. सीतानं सांगितलं, तुम्ही पानी पेऊन गेले म्हणून." मी म्हणालो, तिला कसं कळलं? "त्यायच्या पायात बूट कसे होते, पुसलं मी तिले. पांढरे म्हणे."

मंडळात तो परत आला. मी सचिवपद सोडलं, धावणंही सोडलं. आता मी फाटकाजवळ पंच म्हणून बसतो, कारण दुसरं कोणी बसायला तयार नाही. पानाचा नियम काढून टाका असं मीच सुचवलं होतं. इतवारी नको म्हणाला.

तो पूर्वीइतका पळत नाही, मध्ये खोकायला थांबतो. तरी बहुतेक वेळा पहिला येतो. आला की माझ्यासमोर उभा राहतो, तळहात उघडतो. त्यात टोमणा नसतो. टोमणा असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारतो, दर शर्यतीला, गेली दोन वर्षं. मागच्या फाल्गुनातही त्याच्या काळ्या पडलेल्या हातावर ते लाल पान होतं, आणि तो धापा टाकत विचारत होता, "हे पान चालते का, भाऊ?"