बासरीवाली गाडी

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. केबलचोरीचं ते एक मात्र अजून वेगळं राहिलं आहे. गुन्हा तसा मोठा नव्हता. वर्तमानपत्रात कोपऱ्यात चार ओळी आल्या असतील. तरी लिहायला बसलो की आधी तेच समोर येतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि पुढे लिहिण्याची सवय राहिली ती फिर्यादी आणि जबाबांपुरती. म्हणून जसं घडलं तसं क्रमाने सांगतो. नाव कोणाचंच देत नाही. ती माणसं अजून त्याच गावांत राहतात.

मी तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. हिवाळा सरत आला होता. धाड गावाच्या बाजूच्या शिवारांत मका डोक्याच्या वर गेलेला, कांद्याचं बियाणं फुलावर आलेलं. या पिकाला पाणी नेमकं तेव्हाच लागतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत विहिरींवरच्या मोटारींची केबल कापून नेली जात होती. चोर ती जाळून वरचं आवरण काढतो आणि आतलं तांबं भंगारात घालतो. शेतकऱ्याला कळतं ते सकाळी बटण दाबल्यावर. नवी केबल येईपर्यंत फुलं मान टाकतात.

लोक ठाण्यावर आले की ओरडायचे नाहीत, टोमणे मारायचे. एका म्हाताऱ्याने पंचनाम्यावर अंगठा उमटवता उमटवता विचारलं होतं, "साहेब, या कागदानं वावर ओलं होते काय?" मी शाईचा पॅड पुढच्या पंचाकडे सरकवला.

मग खबर आली. फाट्यावर चहाचं हॉटेल चालवणारा एक माणूस आम्हाला अधूनमधून काही सांगायचा. त्याने फोनवर सांगितलं की ज्या संध्याकाळी केबल जाते, त्या संध्याकाळी बासरीवाली गाडी शिवारात असते.

ही गाडी आसपासच्या सगळ्या गावांना माहीत होती. देऊळघाटच्या बाजूच्या एका तरुणाची जुनी व्हॅन. सकाळ-दुपार तो शाळेची मुलं ने-आण करायचा आणि सुटीच्या दिवशी बारसं, हळद, निरोप समारंभ अशा लहान कार्यक्रमांना आवाजाची सोय करून द्यायचा. त्यासाठी त्याने गाडीच्या मागच्या भागात एक मोठा खोका बसवला होता. वर दोन मोठे स्पीकर, खाली सामानाचे खण. स्विच चालू केला की सर्वात आधी बासरीची एक धून वाजायची. ती ऐकून मुलं दप्तर घेऊन दारात यायची.

आम्ही त्याला नोटीस देऊन बोलावलं आणि गाडी ठाण्याच्या आवारात आणून लावली. पोरगा पंचविशीच्या आतबाहेरचा, बौद्ध कुटुंबातला. वडील नव्हते, आई रोजमजुरीला जायची, थोरल्या बहिणीचं लग्न झालेलं. आदल्या संध्याकाळी कुठे होतास, असं विचारलं तर म्हणाला, घरी. गाडी? दारात. वस्तीतल्या शेजाऱ्यांनीही तेच सांगितलं. दुसरीकडे शिवारातल्या चार माणसांनी गाडी तिकडे होती असं सांगितलं. शेजारी म्हणजे त्याचीच माणसं, ती सांभाळून घेणार, असं धरून आम्ही शिवारातल्यांवर विश्वास ठेवला. ठाण्यात असे हिशेब फार पटकन होतात.

गाडीची झडती घेताना मी त्याला खोक्याबद्दल विचारलं, आणि तो एकदम मोकळा झाला. चौकशीला आलोय हे विसरलाच. व्हॅनचं अंग आतून वाकडं असतं, म्हणून आधी पुठ्ठे कापून माप कसं घेतलं, मग त्यावरून प्लायवूड कसं कापलं, हे तो हाताने दाखवू लागला. वरून काळी मॅट चिकटवली होती. "स्पीकरच्या मांगं नुसती पोकळी ठेवली तं आवाज घुमते, साहेब. म्हणून आईच्या जुन्या गादीतला कापूस भरला मी तिथं." आई अजून बोलते त्यावरून, असंही म्हणाला. सोबतचे आमचे जमादार हसले. मुलांची दप्तरं आणि डबे डावीकडच्या खणात, वायरी आणि हत्यारं उजवीकडच्या. आणि खालून, असं म्हणत तो वाकला, तेवढ्यात आमच्या शिपायाने उजवा खण ओढला.

आत वायरींच्या खाली करवतीचं एक पातं होतं आणि केबलच्या आवरणाचे कापलेले तुकडे. जाड, विहिरीवरच्या केबलचे.

मी त्याच्याकडे पाहत होतो. सापडलेला माणूस सहसा आधी आमच्याकडे पाहतो, मग खाली. हा त्या तुकड्यांकडेच पाहत राहिला, आमच्यापेक्षाही जास्त वेळ. मग खण त्याने स्वतः हळूच बंद केला आणि त्यानंतर बोलणं थांबवलं.

पुढचे दोन दिवस तो सकाळी यायचा, बाकावर बसायचा, संध्याकाळी जायचा. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "तुमाले जे वाटते ते लिहा." मी त्याला स्पष्ट समजावलं. अटक झाली तर गाडी मुद्देमाल म्हणून इथेच पडून राहील. शाळेला चारित्र्याचा दाखला लागतो, गुन्हा दाखल असलेल्याला तो मिळत नाही. मुलं नेण्याचं काम कायमचं जाईल. त्याला हे सगळं कळत होतं. काही पालकांनी एव्हाना दुसरी गाडी लावलीही होती. आवारात ओळीने गंजत पडलेल्या जप्त गाड्यांकडे पाहून तो एवढंच म्हणाला, "माह्या गाडीवर ताडपत्री टाकू द्या फक्त. ऊन लागलं तं मॅट निघते."

दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यांनी ठाण्यासमोर ठिय्या दिला. वरिष्ठांचा फोन आला की मुद्देमाल सापडला आहे तर अटक का दाखवत नाही. मी उद्यापर्यंतची मुदत मागितली. का मागितली, हे तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं. एवढंच वाटत होतं की चोरीचे तुकडे ज्या खणात आहेत, तो खण आपल्यासमोर कोणी इतक्या हौसेने उघडायला देत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी जमादारांना घेऊन पुन्हा शिवारात गेलो. या वेळी प्रश्न बदलला. गाडी कुठे उभी होती, तोंड कोणीकडे होतं, दार उघडं होतं का, आत किती माणसं होती? पहिल्या तिघांना काहीच सांगता येईना. मक्याच्या आड काही दिसत नव्हतं, असं म्हणाले. चौथी होती भाजीचा मळा करणारी एक बाई. मेथीच्या जुड्या बांधता बांधता तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच काही समजत नाही.

"पाह्याची काय गरज पडली साहेब? आवाज तिचाच होता."

म्हणजे गाडी पाहिलीच नाही का?

"ऐकली ना मी."

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या चारही जबाबांत 'गाडी पाहिली' असं लिहिलेलं होतं. खोटं कोणीच बोललं नव्हतं. ती गाडी त्या भागात रोज कानानेच ओळखली जायची, आणि ऐकलेलं हे लोक सहज 'पाहिलं' म्हणून सांगत होते. आम्हीही ते तसंच लिहून घेतलं होतं.

ठाण्यात परत आल्यावर मी ताडपत्री उचलून गाडीच्या मागे वाकलो. त्या दिवशी पोरगा 'आणि खालून' म्हणून थांबला होता, ती जागा पाहिली. खोक्याच्या चार कोपऱ्यांना हाताने फिरवायचे नट होते. बाकी लोखंडावर धूळ होती, हे नट मात्र नेहमी हाताळल्यासारखे चकचकीत. ते सोडवले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला जमादार. स्पीकर, खण, वेगळी बॅटरी, गाण्यांचा पेनड्राइव्ह, सगळं धरून खोका बाहेर आला. तो कोणत्याही गाडीत ठेवता आला असता आणि तिथेही आधी बासरीच वाजली असती.

मी बाकाजवळ जाऊन त्याला विचारलं, हा खोका तू कोणाला देतोस?

"कोनालेच नाही," तो म्हणाला. दोन दिवसांत प्रथमच त्याने घाईने उत्तर दिलं होतं.

आता शेजारी काय म्हणत होते तेही जुळत होतं. गाडी दारात होती, खोका नव्हता. पण कोणाकडे होता हे सांगणारा हाच एक, आणि त्याने तोंड मिटलेलं. त्याच्या आईकडे माणूस पाठवला. ती म्हणाली, आमच्या घरात कोणी चोर नाही, आणि आत निघून गेली. जमादार म्हणाले, "साहेब, मित्रासाठी कोणी एवढं सोसत नाही. घरातलंच कोणी असंन." मला ते पटलं. पण त्याच्या घरात आई सोडली तर होतंच कोण?

दुपारी ठाणे अंमलदाराने आत येऊन सांगितलं की एक बाई भेटायचं म्हणते. धामणगाव बढेकडून आली होती, दोन गाड्या बदलून. कडेवर लहान मुलगी. बसा म्हटलं तर बसली नाही. ती त्या पोराची थोरली बहीण होती. आदल्या दिवशी बाजारात तिला भावाबद्दल कळलं होतं.

"साहेब, तो गाण्याचा डबा आमच्या घरी होता," ती म्हणाली. "यायनं कार्यक्रमाले म्हणून मांगून आणला अन् जीपात लावून नेला. सकाळी मी पोरीचं दूध गरम करत होती तं आंगणात वायरी जाळून राह्यले होते. काळा धूर निघत होता. मी डोयानं पाह्यलं. मंग डबा परत देऊन आले."

यायनं म्हणजे तिच्या नवऱ्याने.

मी तिला विचारलं, याचं पुढे काय होईल हे समजतं का.

"समजते ना. म्हणूनच तं आली."

तिच्या भावाला आत बोलावलं. तिला पाहताच तो उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, तू काऊन आली?" तिचा आवाज चढला नाही, पण माझ्यासमोर आणि शिपायांसमोर ती त्याला बोलली ते मी अजून विसरलेलो नाही.

"तुनं मले इचारलं काय बे? माह्या संसारासाठी तू जेलात जाऊन राह्यला, अन् मले सांगतलं नाही. पोरीनं उद्या इचारलं, मामा कुठी गेला, तं काय सांगू? तुह्या बाबासाठी गेला म्हणू?"

बहिणीच्या कडेवरच्या मुलीला त्याने घेतलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला.

नंतर बऱ्याच गोष्टी उलगडल्या. जावयाने खोका मागितला तेव्हा कशाला, असं घरात कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्याकडे जावयाला असं विचारत नाहीत. आणि आमच्याकडे तरी कुठे विचारतात? खणात तुकडे दिसले त्या क्षणी पोराला सगळं कळलं होतं. नाव सांगितलं तर बहीण कायमची माहेरी येईल, या भीतीने तो गप्प बसला. त्याने मनाशी एक हिशेब केला होता, गाडी जाऊ दे, ताईचं घर राहू दे.

जावयाला त्याच संध्याकाळी ताब्यात घेतलं. त्याने जागा दाखवली, पंचांसमक्ष जळक्या तांब्याची वेटोळी आणि हत्यारं जप्त झाली. भंगारवालाही आरोपी झाला. चोरी करताना गाणं कशाला लावायचास, असं मी जावयाला विचारलं. तो सरळ म्हणाला, "गाणं वाजून राह्यलं की कोणी इचारत नाही साहेब. चुपचाप उभ्या गाडीलेच लोक इचारतात." आणि करवतीचा आवाजही त्यात दबत होता. मेव्हण्यावर संशय जाईल हे लक्षात आलं होतं का, असं विचारलं तर त्याने प्यायला पाणी मागितलं.

गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे हमीपत्र लिहून घेऊन, पोराला परत मिळाली. काही पालक परतले, काही नाही आले. बहीण आईकडे राहायला आली, हेही मला माहीत आहे. शेवट गोड झाला, असं म्हणता येत नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? जबाब घेताना 'पाहिलं' हा शब्द तपासून लिहायचा, हे तर नक्कीच. पुढची सगळी नोकरी मी ते पाळलं. पण त्याहून महत्त्वाचं मला त्या बहिणीमुळे समजलं. तिचं घर मोडू नये म्हणून भाऊ गप्प होता, आई गप्प होती, आणि आम्हाला तर ती आहे याचाही विचार सुचला नव्हता. ज्या माणसासाठी सगळे गप्प बसलेले असतात, त्याला काय हवं आहे हे कोणीच विचारत नाही.

तिचा जबाब मी स्वतः लिहिला. नवऱ्याने तिला काय सांगितलं ते घेतलं नाही, नवरा-बायकोतलं बोलणं न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नाही. तिने स्वतः काय पाहिलं तेवढंच घेतलं. लिहून वाचून दाखवल्यावर तिने सहीसाठी पेन मागितला. मी म्हणालो, पोलिसांपुढच्या जबाबावर सही घेत नाहीत, तसा कायदा आहे.

तिला ते आवडलं नाही. "मंग हे मी सांगतलं, हे कोनाले कसं समजंन?"

न्यायालयात उभं राहून पुन्हा सांगावं लागेल, मी म्हणालो. नवऱ्यासमोर.

"सांगंन," ती म्हणाली.

खटला उभा राहिला तेव्हा माझी बदली झाली होती. साक्षीला गेलो त्या दिवशी ती पिंजऱ्यातून उतरत होती. तिने सांगितलं होतं.