बॉनेटच्या आत लिहिलेला पोळा

हे लिहावं की नाही, हे आठ दिवस ठरत नव्हतं. पुरवणीत आठवणी येतात त्या मोठ्या माणसांच्या, आणि लिहिणारेही जाणते असतात. मी अमरावतीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. आणि पुंडलिकमामा माझे नातेवाईकही नव्हते. अकोल्यात अकोट रस्त्यावर, कडुनिंबाखाली गाड्या दुरुस्त करणारे ते मिस्त्री. मी त्यांना फक्त दोनदा भेटलो... तेव्हा या धाडसाबद्दल वाचकांनी, आणि मामींनीही, मला माफ करावं.

बाबा हिवरखेडला जुनी सात सीटची गाडी भाड्याने चालवतात. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास तिचा ब्रेक मऊ लागायला लागला, पाय खोल जायचा. दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्याचं भाडं होतं. मी मोबाइलवर पाहून ब्रेक ऑइल कमी झालंय असं ठरवलं आणि घरात दोन पावसाळे पडून असलेली अर्धी बाटली ब्रेकच्या तेलाच्या टाकीत ओतली. "पोरगं शिकलं तं कामाले आलं," असं बाबा शेजाऱ्यांना सांगूनही आले. ब्रेक मात्र तसाच. म्हणून आम्ही अकोला गाठलं.

मामांनी टाकीत बोट बुडवलं, दोन बोटांत तेल चोळलं.

"उघडी बाटली कोनं टाकली?"

"मी..."

"काय शिकून राहिला?"

"केमिस्ट्री."

"मंग पावसाळ्यात मिठाच्या बरनीचं झाकन उघडं रायलं तं काय होते, हे मी तुले काय सांगू?"

हवेतलं पाणी ओढून घेणारे पदार्थ मी पुस्तकात वाचले होते, त्यावर मार्कही मिळवले होते. पुढचं मामांनी सांगितलं. घाट उतरताना ब्रेक तापतात, तेलातल्या पाण्याची वाफ होते. मग पाय कितीही दाबा, दबते ती वाफ; चाक थांबत नाही. मला बाबांकडे बघवेना.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी फोनवर दीड हजाराच्या वर सांगितलं होतं. मामा म्हणाले, नुसतं टाकीतलं बदललं तर तीनशेत होईल, पण चाकांजवळचं जुनं तसंच राहील. चारही चाकांतून काढायचं तर आठशे.

"सध्या टाकीतलंच करा मामा," बाबा म्हणाले. " भाडं आलं का बाकीचं पाहू."

"उद्या घाटात पोराले संगं नेतो का?"

"नेतो नं. सुटी हाये त्याले."

मामा नुसते माझ्याकडे बघत राहिले... शेवटी बाबाच म्हणाले, "खोला चारही."

पाप फेडावं म्हणून मी शेजारच्या दुकानात सगळ्यात महाग बाटली मागितली, तर मामा हसले. "महाग म्हंजे भारी नसते बाबू. गाडीले कोनतं पायजे ते टाकीच्या झाकनावर लिवलं रायते. तू तं वाचनारा माणूस, वाच!" खरंच लिहिलेलं होतं. ते झाकण मी स्वतःच्या हाताने उघडलं होतं, पण वाचलं नव्हतं. मामा चौथी शिकलेले.

मग जे पाहिलं ते कोणत्याच प्रयोगशाळेत पाहिलं नाही. बाबा आत ब्रेकवर पाय ठेवून बसले आणि मामा मागच्या, सगळ्यात लांबच्या चाकाशी आडवे झाले. "दाब... धर... सोड." प्रत्येक वेळी पारदर्शक नळीतून काळपट तेल यायचं, त्यात बुडबुडे. तेल मधासारखं स्वच्छ झालं तरी ते थांबेनात. डोळे मिटून, नळीला नुसतं बोट लावून म्हणाले, "अजून एक हाये." आणि खरोखर एक बारीकसा बुडबुडा आला! चारही चाकांना हेच. शेवटी आणलेल्या दोनपैकी दुसऱ्या बाटलीत निम्मं तेल उरलं, ते त्यांनी आमच्या देखत टाकाऊ तेलाच्या डब्यात ओतलं.

"मामा, अर्धी बाटली!" बाबा कळवळले.

"तशाच अर्ध्या बाटलीनं तुह्या पोरानं केमिस्ट्री केली नं?"

जाताना त्यांनी बॉनेटच्या आत पांढऱ्या पेंटने लिहिलं: दुसरा पोळा. "लोक तारीख विसरतात, पोळा नाही विसरत. दोन पावसाळे झाले का येजो."

दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्याहून उतरताना मी पुढे बसलो होतो. प्रत्येक वळणावर बाबांचा पाय हलका पडायचा आणि गाडी ऐकायची. पायथ्याशी आल्यावर बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

वर्षभराने मी एकटाच मामांना भेटून आलो. तेल पाणी का पितं, ते वहीत आकृती काढून समजावलं. त्यांनी विद्यार्थ्यासारखं ऐकून घेतलं. "म्हंजे मी बरोबर होतो तं!" मी म्हटलं, दुसऱ्या पोळ्याला चाकं मी खोलतो, तुम्ही फक्त पाहा. "पायतो नं. चुकला तं पान्हा फेकून मारीन."

यंदा पोळा झाला आणि मी स्वतः गाडी चालवत गेलो. झाकण वाचून घेतलेल्या दोन सीलबंद बाटल्या सोबत होत्या. कडुनिंबाखाली गाडी लावली, बॉनेट उघडलं, पान्हे मांडले. मागच्या घरातून मामी आल्या.

"मामी, मामांना बोलवा. मी चाकं खोलतोय, त्यांनी पाहायचं ठरलंय."

मामी पुढे आल्या. बॉनेटच्या आतल्या त्या पांढऱ्या अक्षरांवरून त्यांनी हात फिरवला, पदराने धूळ पुसली.

"त्याईचंच अक्षर हाये... बाबू, तुले कोनी सांगतलं नाई का? ते पोळ्याच्या आठ दिस आधीच गेले."