एडका देऊन आणलेली गिटार

आमच्या घरात आधी हात चालायचा, मग तोंड. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, काठी मेंढरांवर पडली नसेल तेवढी माझ्या पाठीवर पडली. मीही काही गरीब गाय नव्हतो. मिसरूड फुटल्यावर मी ती काठी हिसकावून गुडघ्यावर मोडली आणि त्याबद्दल दुसऱ्या काठीने मार खाल्ला. अशा घरात गिटार आली म्हटलं की लोक हसतात. हसू देत.

मेंढरांमागे फिरण्याचा मला तिटकारा होता. ऊन, धूळ, वर चोरासारखं जगणं. माळ्यांच्या बागांच्या कडेने कळप न्यायचा असला की आबा पुढच्या मेंढीच्या घंटेत लोकर कोंबायचे. घंटा मुकी व्हायची आणि आम्ही मळेवाल्याच्या नकळत निघून जायचो. पकडले गेलो की मारामारी ठरलेली. माझ्या कपाळावरची खूण सणसरच्या एका मळ्यातली आहे.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं. बारामतीत लग्नाच्या एका बँडचे मास्तर होते, त्यांच्याकडे ती गिटार भिंतीला टांगलेली असायची. गोव्याकडच्या कुणा वाजवणाऱ्याची ती जुनी गिटार मास्तरांनी मुंबईहून आणली होती. आतून पोकळ, पोटावर दोन वळणदार फटी आणि तारांखाली चुंबकाची पट्टी. लाऊडस्पीकरच्या मशीनला वायर जोडली की आवाज कर्ण्यातून यायचा. मास्तरांनी वाजवून दाखवली आणि माझं डोकंच फिरलं. मास्तरांना टक्करीच्या एडक्यांचा, म्हणजे झुंजीच्या मेंढ्यांचा, नाद होता. कळपात माझ्या मालकीचा एक एडका होता, त्याच्यासमोर इंदापूर तालुक्यात कुणी आपला एडका सोडायला धजत नसे. मी तो मास्तरांना दिला आणि गिटार खांद्यावर टाकून निरवांगीला, आमच्या गावी, चालत आलो.

एडका माझा, पण टक्कर त्याला आबांनी शिकवलेली. दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली की समोर जे असेल त्यावर जायचं आणि शीळ थांबेपर्यंत हटायचं नाही, हे त्यांनी त्याच्या हाडात मुरवलं होतं. त्यांनी रिकामं दावं बघितलं, गिटार बघितली आणि काही न विचारता माझ्या तोंडावर ठोसा दिला. दात हलला.

"एडका दिलास आन् ह्ये लाकूड आनलंस?"

"माझा व्हता. माझी मर्जी."

आबांनी गिटार उचलून उलटीपालटी करून बघितली. मग म्हणाले, "जत्रंत वाजीव. लोकांनी मान डोलावली तर तुजी वाट तुला मोकळी, मी आडवा येनार न्हाय. न्हाय वाजलं तर दीपमाळंवर आपटून फोडीन ह्ये, आन् तू मुकाट मेंढरामागं चालायचं."

"बरं," मी रक्त थुंकून म्हणालो.

घरी आणल्यावर कळलं, गिटारीचा आवाज बसलेला होता. पोटाला चीर गेलेली, त्यामुळे तार छेडली की फडफड व्हायची. मास्तरांनी चार चाली शिकवल्या, नव्या तारा दिल्या, पण चीर सांधायचं मात्र माझ्यावर आलं. आम्हा धनगरांना ठाऊक एकच उपाय. घोंगडं विणून झालं की त्याला चिंचोक्याची खळ देतात, मग ते पत्र्यासारखं ताठ होतं. मी खळ शिजवली आणि चीर सांधली. तिथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण ताठ तेवढं खणखणीत, असं म्हणून मी सगळ्या पोटावर खळीचे हात दिले. वाळल्यावर टिचकी मारली, तर रांजणासारखी घुमली. मी खूश.

"घोंगडं हाय व्हय त्ये?" आबा म्हणाले आणि थुंकले.

जत्रेच्या दिवशी इंदापूरचा लाऊडस्पीकरवाला आला. त्याने लिंबाला कर्णा बांधला, खाली बॅटरी आणि मशीन मांडलं. मास्तरही आले होते, आमचा एडका घेऊन. दुपारच्या टक्करीत त्याने समोरच्या एडक्याचं कपाळ फोडलं, शिंग मुळातून मोडलं. रक्त बघून लोक चेकाळले होते. मास्तरांनी त्याला दीपमाळेपाशी धरून उभं केलं आणि माझी पाळी आली.

मी कर्ण्याखाली बसलो. वायर जोडली, तार छेडली. सूर आला, आणि गेलाच नाही. तो वाढत गेला, चढत गेला आणि त्याची शीळ झाली, कानात सळई घालावी तशी. माझा हात तारांवर नव्हता तरी गिटार आपली आपण ओरडत होती; कर्ण्याचा आवाज तिच्या ताठ पोटात घुमायचा आणि तारांतून पुन्हा कर्ण्यात जायचा.

एडक्याने मास्तरांच्या हातातलं दावं हिसकलं. समोर दीपमाळ होती. तो मागे सरला, धावला आणि दगडावर आदळला. शीळ चालूच. तो पुन्हा मागे सरला. आबा गर्दीतून "बंद कर! आरं बंद कर त्ये!" म्हणून ओरडत येत होते, आणि बंद कसं करायचं ते मला माहीत नव्हतं. एडका पुन्हा आदळला. शिंग फुटलं, डोळ्यांत रक्त उतरलं, तरी तो मागे सरला, कारण शीळ थांबली नव्हती. लाऊडस्पीकरवाल्याने वायर उपटली तेव्हा तो मान मोडून पडला होता. मास्तर त्याच्याजवळ बसून रडायला लागले.

आबांनी मला केसांना धरून ओढत तिथे नेलं. लाथा घातल्या, काठी घातली. कुणी मध्ये पडलं नाही. मला त्यांना जिवे मारावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी उठलो आणि गिटार दोन्ही हातांनी त्यांच्या डोक्यावर उगारली.

त्यांनी ती वरच्या वर धरली, माझ्या हातातून हिसकली आणि दीपमाळेकडे वळले. मी डोळे मिटले.

"कातर आन," आबांचा आवाज ऐकू आला.

जनावर लोकरीसकट मातीत घालायचं नाही, ही आमची रीत. आबांनी एडक्याची लोकर कातरली, सावकाश, जिवंत असल्यासारखी. मग गिटार मांडीवर घेतली आणि तिच्या फटींतून ती लोकर दाभणाने आत कोंबू लागले. घंटेत कोंबायचे तशी. काही झुबक्यांना रक्त लागलेलं होतं.

"आता वाजीव."

"आबा, आता नगं."

"वाजीव म्हन्तो ना!"

वायर पुन्हा जोडली. माझी बोटं सुजली होती. सूर आला तो भरीव, खालचा, आणि मी तारेवर हात ठेवल्यावर थांबला. मी मास्तरांनी शिकवलेली एक चाल वाजवली. लोकांनी मान डोलावली की नाही, ते मला दिसलं नाही. आबांची मान हलताना दिसली, डोळे एडक्यावर होते. दुसऱ्या दिवशी मी मास्तरांबरोबर बारामतीला गेलो आणि आबा आडवे आले नाहीत.

पुढे आबा गेल्यावर पुण्यातल्या एका कारागिराकडे मी गिटार दुरुस्तीला नेली. त्याने फटीतून आत बोट घातलं, नाक मुरडलं आणि म्हणाला, "ही काय घाण भरलीय? काढून टाकू, आवाज मोकळा होईल."

मी त्याची गचांडी धरली. दुकानातल्या लोकांना मला ओढून काढावं लागलं.