बटाटे निघेपर्यंत

वोल्फ्सबुर्गपासून गाडीने वीस मिनिटांवरच्या एका खेड्यात आम्ही घराचा वरचा मजला भाड्याने घेतला, तेव्हा मला सातवा महिना होता. खाली घरमालकीण एकट्या राहायच्या. वय नव्वद. समोर मी त्यांना जर्मन रीतीने आडनावाने हाक मारायचे, घरात आम्ही आजी म्हणायचो. त्यांचे गुडघे गेलेले होते. जिना त्या कधीच चढत नसत.

मुलगी झाली. बाळंतपणाला सासूबाई पुण्याहून आल्या. मुलगी सात आठवड्यांची असताना एका सकाळी नवरा कामावर गेला होता, सासूबाई आंघोळीला, आणि मी तळघरात कपडे वाळत घालत होते. वर मुलगी रडायला लागली. पोट भरलेलं आहे, रडू दे दोन मिनिटं, असं म्हणून मी हातातले कपडे संपवले. वर आले तर दार उघडं आणि आजी पाळण्यापाशी. धाप लागलेली, हात पाठीमागे घट्ट धरलेले.

मला वाटलं, आता आवाजाची तक्रार. त्या म्हणाल्या, "उचल तिला. मी नाही उचलणार. तू उचल."

मी उचललं. त्या खुर्चीत बसल्या. सासूबाई ओल्या केसांनी बाहेर आल्या, त्यांनी आजींना पाणी दिलं. मग आजी बोलायला लागल्या. मी तुटक तुटक मराठीत सासूबाईंना सांगत गेले.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या काळात आजी नऊ वर्षांच्या होत्या. वडील आघाडीवर होते. त्यांच्या शेतावर राबायला पोलंडहून पकडून आणलेली एकोणीस वर्षांची मुलगी होती. तिला उन्हाळ्यात मुलगा झाला. पण वरून हुकूम होता, अशा मजूर बायकांची मुलं त्यांच्याजवळ ठेवायची नाहीत, कामाचा खोळंबा होतो. गावाच्या टोकाला पत्र्याची एक शेड होती. आसपासच्या सगळ्या शेतांवरची अशी तान्ही मुलं तिथे नेऊन ठेवायची. ती पोलिश मुलगी बाळाला सोडेना, तेव्हा आजींच्या आईनेच ते तिच्या हातातून काढून घेतलं.

बाळाच्या आईला फक्त रविवारी भेटता यायचं. बाकीचे दिवस शाळा सुटल्यावर आजी किटलीतून दूध घेऊन जायच्या. ते दूध त्यांची आईच द्यायची. हे आजींनी मला दोनदा सांगितलं. शेडवर एक बाई नेमलेली होती. ती दारातच किटली घ्यायची, आत येऊ द्यायची नाही.

शरदात बटाटे काढायचं काम चालू असताना ती बाई म्हणाली, उद्यापासून आणू नकोस, तुमचा पहाटे गेला. तेव्हा दार उघडं होतं. एकेका खोक्यात दोन-दोन मुलं होती. तोंडांवर माश्या होत्या.

"एकही रडत नव्हतं," आजी म्हणाल्या. "इतकी मुलं, आणि एकही नाही."

त्यांनी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, बटाटे निघेपर्यंत तिला कळता कामा नये. अजून चार दिवसांचं काम होतं. रोज संध्याकाळी ती मुलगी शेतातून यायची, मातीचे हात पुसायची आणि मोडक्या जर्मनमध्ये नऊ वर्षांच्या पोरीला विचारायची, पितोय का तो? आजी म्हणायच्या, या. म्हणजे हो. चारही दिवस.

पाचव्या दिवशी आईने तिला सांगितलं. मुलीने आरडाओरडा केला नाही, असं आजी म्हणाल्या. ती गोठ्यात गेली आणि गाईची धार काढायला बसली.

सासूबाईंनी मला विचारायला लावलं, पुढे तिचं काय झालं? आजी म्हणाल्या, युद्ध संपल्यावर पोलिश माणसांचा जथा रस्त्याने निघाला, त्यात ती गेली. जाताना फाटकापाशी थांबली. आई घरातून बाहेर आली नाही. आजी अंगणातच होत्या.

"म्हणाली, तू मला सांगत होतीस, पितोय म्हणून. एवढंच."

मी म्हटलं, तुम्ही लहान होतात. त्यांनी मान हलवली, ती होकाराची नव्हती. सासूबाईंनी आजींचा दंड धरला आणि एकेक पायरी करत त्यांना खाली पोहोचवलं.

पुढच्या रविवारी आम्ही तिघी मुलीला घेऊन दफनभूमीत गेलो. मागच्या कुंपणालगत, गावकऱ्यांच्या थडग्यांपासून लांब, शेडमधल्या मुलांच्या आठवणीचा एक दगड आहे. मी तिथून कितीदा बाबागाडी ढकलत गेले होते. त्यावर काही पोलिश नावं आहेत. त्या बाळाचं नाही. आजींना ते नाव आठवत होतं. ते कोरून घ्यायला आपण नगरपालिकेत अर्ज करू, असं मी सुचवलं. त्यांच्या मुलाला फोनवर हे कळलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला की आईचं वय झालंय, आता हे उकरून कुणाचं भलं होणार आहे? तरी आजींनी सही केली, आणि मी अर्ज टाकला. दोन महिन्यांनी उत्तर आलं: त्या नावाची नोंद सापडत नाही, नोंदीशिवाय नाव कोरता येत नाही.

ते पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. "नोंद करणार कोण होतं?"

हिवाळ्यात मुलाने त्यांना वृद्धाश्रमात हलवलं. मी महिन्यातून एकदा जाते. मुलीला नेलं तर त्या तिच्याकडे लांबूनच बघतात, घ्यायला हात पुढे करत नाहीत. आम्ही हवापाण्याबद्दल बोलतो.