आज आयुधं देवापुढे आहेत

श्री. दत्ताजीराव निकम यांची पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांना एक अडाणी प्रश्न विचारला होता. सीमाभागातल्या एका मराठी दैनिकाचा मी म्हैसूरचा वार्ताहर. चित्रपट-संकलकांना मदत करणाऱ्या संकेतस्थळांविषयी लेख हवा, असा आदेश आला. संस्कृत पाठशाळेत वाढलेल्या मला संकलन म्हणजे गोळा करणं एवढंच ठाऊक. कुवेंपुनगरातल्या त्यांच्या घरी जाऊन मी वही उघडली आणि विचारलं, "आपण नेमकं काय गोळा करता?"

"गोळा बाकीचे करतात री," ते म्हणाले. "मी टाकून देतो. अष्टे, एवढंच."

आतून इंदिरावहिनी म्हणाल्या, "घरातलं मात्र काही टाकत नाहीत. जुने चार्जर बघा एकदा."

म्हैसूरकरांच्या पदरी शिपाईगिरी करायला आलेल्या मराठी घराण्यातले दत्ताजीराव हे वंशज. घराण्याचं हत्यार तलवारीवरून कात्रीवर आलं, असं ते स्वतःच सांगतात. बंगळूर आणि चेन्नईच्या संकलनगृहांत त्यांनी उमेदीची वर्षं काढली. तेव्हा फिल्म खरोखर कापली जायची आणि चिकटपट्टीने सांधली जायची. पुढे सगळं संगणकावर आलं. सोबतचे अनेकजण घरी बसले, हे मात्र नव्याने शिकायला बसले. निवृत्तीनंतर म्हैसूरला परतून त्यांनी 'सांधा' हे संकेतस्थळ सुरू केलं. आवाज चित्राच्या पुढे धावू लागला तर काय करावं, ध्वनिमुद्रकाकडे काम सोपवताना काय काय द्यावं, इंटरनेटवरचे कोणते फुकट धडे खरे आणि कोणते नुसते विकायला बसलेले, असे प्रश्न तिथे यायचे आणि दत्ताजीराव कन्नड, मराठी व स्वतः घडवलेल्या इंग्रजीत उत्तरं द्यायचे. सगळा दक्षिण मुलूख त्यांना 'मेष्ट्रु' म्हणजे मास्तर म्हणू लागला.

त्यांचा नियम एकच. आपल्या संगणकावर स्वतः करून पाहिल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही. त्यामुळे उत्तर यायला वेळ लागायचा. कधीकधी विचारणाऱ्याचा चित्रपट प्रदर्शित होऊन थिएटरातून उतरलेलाही असायचा. तरी उत्तर यायचं, आणि त्याच्या माथ्यावर ते शेवटचं कधी तपासलं ती तारीख असायची.

ही तारीख आमच्या गावच्या रिवाजाशी बांधलेली होती. दसऱ्याच्या आधी म्हैसुरात जो तो आपली अवजारं पुसूनबिसून आयुधपूजेला मांडतो. मास्तर आपली उत्तरं पुसायला घ्यायचे. एकेक उघडायचं, करून बघायचं, कालबाह्य झालेलं काढून टाकायचं, उरलेल्यावर नवी तारीख घालायची. मग पूजेला जुनं फिल्म-जोडणीयंत्र आणि संगणक शेजारी मांडून झेंडूची फुलं. कुंकू मात्र पडद्याच्या मागच्या बाजूला. मी कारण विचारलं तर म्हणाले, "समोर लाल ठिपका असला की डोळा फसतो. हिरोइनीचा रंग बिघडतो. देवाला मागून चालतं." त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून संकेतस्थळही बंद. वर नुसती पाटी: 'आज आयुधं देवापुढे आहेत. उद्या या.'

त्यांच्या स्वभावातला दुसरा विशेष सांगायचा, तर एक गोष्ट पुरे. एक नामांकित संकलक चार खोट्या नावांनी त्यांना प्रश्न विचारत असत, आणि तेही अगदी प्राथमिक. चौघांनी पाठवलेल्या संगणकाच्या पडद्याच्या फोटोंत मागे तोच गणपती होता, एका कोपऱ्यात कापलेला. मास्तरांनी चौघांनाही वेगवेगळ्या नमस्कारांसह उत्तरं दिली. एकाची तब्येतही विचारली. मी म्हणालो, "अहो, तुम्हाला कळलंय ना?" "कळलं तर काय झालं?" ते म्हणाले. "पाचव्या नावाने आले तर त्यालाही सांगीन. विचारायची लाज वाटली तरी विचारतो, त्याला मान द्यायचा असतो." ते गृहस्थ कोण, हे त्यांनी मला आजतागायत सांगितलेलं नाही. वार्ताहर म्हणून मला याचं दुःख आहे.

इथवर लिहून मला थांबता आलं असतं. पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात पुढचं लिहीत नाहीत. पण या लेखाला होकार देताना मास्तरांनीच अट घातली: "ते घालणार असाल तरच लिहा. नाहीतर राहू द्या री."

काही वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग मंदावत चालला आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. औषधाने तो वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे त्यांनी घरातही उशिरा सांगितलं. गेल्याच्या आदल्या दसऱ्याला ते नेहमीप्रमाणे उत्तरं तपासायला बसले, तेव्हा पडद्यावरची अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. उत्तरं स्वतःचीच, पाठ होती. ती मनात म्हणत त्यांनी काही उत्तरांवर नवी तारीख घातली. त्यांत एक होतं, डिस्कवरची जागा रिकामी कशी करावी याचं. दरम्यान संकलनाच्या त्या प्रणालीचं स्वरूप बदललं होतं. पूर्वी ज्या बटणाने फक्त तात्पुरता कचरा जायचा, त्याने आता मूळ चित्रीकरणही जात होतं. शिवमोग्ग्याच्या एका संकलिकेने उत्तर वाचून ते बटण दाबलं. एका वृद्ध लोककलावंतावरचा माहितीपट होता, आणि ते कलावंत चित्रीकरणानंतर वारले होते.

बाईंनी तक्रार केली नाही. एकच ओळ लिहिली: 'मेष्ट्रे, तुमची तारीख बघून केलं होतं.'

मास्तरांनी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना कामाला लावलं. गेलेल्या चित्रीकरणातलं थोडंफार परत मिळालं, बरंचसं नाही. पुढच्या आयुधपूजेला पाटी लागली आणि दुसऱ्या दिवशी विजयादशमीला ती उतरली नाही. आजही उतरलेली नाही.

आम्ही त्यांना समजवायला गेलो. आम्ही म्हणजे मी आणि हिनकलच्या चैत्रा. या बाई मास्तरांच्या जुन्या विद्यार्थिनी, आता स्वतः नावाजलेल्या संकलिका. चैत्रा म्हणाल्या, "सर, हल्ली तसंही लोक कृत्रिम बुद्धीच्या यंत्राला विचारतात. तुमचं जुनं आहे तसं राहू दे ना, आठवण म्हणून."

मास्तरांनी मान कडेला वळवून चैत्रांकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते यंत्र करून बघत नाही, पण लगेच सांगतं. मी उशिरा सांगत होतो, कारण करून बघत होतो. त्या वर्षी मीही न बघताच सांगितलं. नोडी, बघा, मग फरक काय राहिला?"

मी पाठशाळेचा युक्तिवाद काढला. "तलकाडची देवळं वाळूखाली गेली तरी लोक दर्शनाला जातातच की."

"देवळात चुकीचा देव नसतो री," ते म्हणाले. "सगळंच पुसून टाका, चैत्रा. मला दिसत नाही, तुम्ही पुसा."

चैत्रांनी पुसलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्हीच शिकवलंत सर, न बघता काही टाकायचं नाही. आधी एकेक बघू."

"मी कसं बघणार?"

"मी बघते. तुम्ही ऐका."

"तुमच्या डोळ्यांनी बघितलेलं, आणि वर तारीख माझी? नको."

"मग नावं दोन्ही घालू."

इंदिरावहिनी दारातून म्हणाल्या, "हो म्हणा आता. नाहीतर दिवसभर रेडिओशी भांडत बसता." त्यावर ते हो म्हणाले, असं माझं मत. कलाविषयक कारण होतं, असं त्यांचं.

तेव्हापासून दर गुरुवारी आम्ही बसतो. मी उत्तर मोठ्याने वाचतो, चैत्रा संगणकावर तसं करून बघतात आणि काय झालं ते सांगतात, मास्तर ऐकतात. वाचनाचं काम माझ्याकडे आलं ते उच्चार स्पष्ट म्हणून. त्याबद्दल मास्तरांचा अभिप्राय असा: "तुम्ही वाचता तेव्हा श्राद्ध चाललंय असं वाटतं." काय ठेवायचं, काय टाकायचं, ते मास्तरच ठरवतात. टाकलेलंच जास्त आहे. ठेवलेल्या उत्तराच्या माथ्यावर आता तारखेखाली दोन ओळी असतात: 'पाहिलं: चैत्रा. ऐकलं: दत्ताजी.' पहिलं उत्तर त्यांनी निवडलं ते डिस्कच्या जागेचं. ते त्यांनी टाकलं नाही. नव्याने लिहवून घेतलं आणि शेवटी जुन्या उत्तराने कुणाचं काय गेलं तेही घालायला सांगितलं.

शेवटचं उत्तर तपासून होईपर्यंत पाटी उतरणार नाही, असा त्यांचा हुकूम आहे. ती उतरेल तेव्हा दाराशी कोणी उभं असेल की नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत नाही. आम्ही त्यावर बोलत नाही. आम्ही अजून आवाजाच्या विभागात आहोत. रंगाचा विभाग पुढे आहे. रंग तर ऐकूनच समजून घ्यायचा आहे, आणि तो प्रसंग कसा निभावायचा याची आम्हा दोघांना आत्तापासून धास्ती वाटते.

आज मास्तरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. आमच्या पाठशाळेत दीर्घायुष्याचं मागणं शिकवलं, त्यात शंभर वर्षं पाहणं पहिलं येतं, मग जगणं आणि नंतर ऐकणं. मास्तरांसाठी हे मागताना मी ऐकणं पहिलं घेतलं आहे, जगणं त्याला जोडून, आणि पाहणं चैत्रांकडे सोपवलं आहे. क्रम बदलणं हा त्यांचा धंदा, माझा नव्हे. सांधा नीट बसला नसेल तर त्यांनी गुरुवारी सांगावं. आम्ही येतोच आहोत. वाचायचं पुष्कळ उरलं आहे.